मार्गेटच्या मतदाराला दोष देण्याआधी

मे 2025मध्ये स्थलांतराला विरोध करणाऱ्या नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने आग्नेय इंग्लंडमधल्या केंट काउंटी कौन्सिलच्या 81पैकी 57 जागा जिंकल्या आणि इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांविषयीचा एक जुना वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, ही गावे मागे पडलेली आणि परक्यांच्या भीतीने पछाडलेली आहेत. तिथला मतदार आपला कचरा कोण उचलतो हे बघत नाही, लंडनवरचा राग मतपेटीत टाकून मोकळा होतो. दुसरी बाजू म्हणते, जनतेने कौल दिला आहे, तो मान्य करा आणि गप्प बसा. दोघेही पुरावा म्हणून एकाच निवडणुकीकडे बोट दाखवतात. ती म्हणजे मे 2015ची थॅनेट डिस्ट्रिक्ट कौन्सिलची, म्हणजे काउंटीखालच्या एका छोट्या स्थानिक संस्थेची, निवडणूक. केंटच्या पूर्व टोकाची मार्गेट, रॅम्सगेट आणि ब्रॉडस्टेअर्स ही तीन समुद्रकाठची गावे आणि आसपासची खेडी या कौन्सिलखाली येतात. त्या वर्षी फराज यांच्या तेव्हाच्या पक्षाने, ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे म्हणणाऱ्या युकिपने, तिथे 56पैकी 33 जागा मिळवल्या. गावपातळीवरच्या छोट्या परिषदा सोडल्या तर देशात युकिपला निर्विवाद बहुमत मिळालेले हे एकमेव कौन्सिल.

या निवडणुकीचा अर्थ दोन्ही बाजू चुकीचा लावतात, असे माझे ठाम मत आहे. थॅनेटच्या मतदाराने 2015मध्ये अडाणीपणा केला नाही. त्याच्यासमोर गावातला एक प्रश्न होता, त्यावर स्पष्ट आश्वासन देणारे उमेदवार होते, आणि त्याने त्यांना निवडून दिले. मात्र ज्या संस्थेवर त्याने ते काम सोपवले, तिच्याकडे त्या कामासाठी अर्धवट अधिकार होता आणि पैसा जवळजवळ नव्हताच. मते मागताना हे त्याला कोणी सांगितले नाही. त्या फसगतीचा दोष आता कौन्सिलच्या आकारावर ढकलून ते मोडीत काढण्याचा जो घाट घातला जात आहे, तो चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे.

प्रश्न होता मॅन्स्टनच्या विमानतळाचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई लढाईत नाव कमावलेला हा तळ पुढे नागरी विमानतळ झाला. मालक बदलत गेले, तोटा वाढत गेला. 2013च्या अखेरीस तो अवघ्या 1 पौंडाला विकला गेला आणि मे 2014मध्ये बंद पडला. त्या जागेवर घरे आणि उद्योग उभारण्याची योजना नव्या मालकांनी पुढे आणली. बंद विमानतळ ही थॅनेटमध्ये केवळ वाहतुकीची बाब नव्हती. तरुणांना बांधून ठेवील असे काहीतरी इथे उरावे, ही आस त्यात होती. रिव्हरओक नावाची कंपनी म्हणत होती की कौन्सिलने जमीन सक्तीने संपादित करावी, खर्च आम्ही उचलू. मजूर पक्षाच्या ताब्यातल्या कौन्सिलने ते तपासले आणि डिसेंबर 2014मध्ये पुरेशी आर्थिक हमी दिसत नाही म्हणून नकार दिला. पाच महिन्यांनी निवडणूक होती. विमानतळ परत सुरू करण्यासाठी आम्ही सर्व अधिकार वापरू, असे युकिपने सांगितले आणि बहुमत मिळवले. ऑक्टोबर 2015 उजाडेपर्यंत काही नगरसेवक पक्ष सोडून गेले आणि बहुमत हातचे गेले. त्याच महिन्यात कौन्सिलच्या, युकिपच्या नेतृत्वाखालच्या कार्यकारी मंडळानेही रिव्हरओकची हमी अपुरी ठरवली. ज्यांना हरवून ते आले होते, त्यांच्याच निष्कर्षावर ते येऊन पोहोचले.

मग काय, मतदार मूर्ख ठरला? सक्तीचे भूसंपादन ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हती. मार्गेटच्या किनाऱ्यावरचे ड्रीमलँड हे जुने मनोरंजन उद्यान बंद पडून उजाड झाले होते. तिथली 1920ची लाकडी सीनिक रेल्वे 2008मध्ये आगीत होरपळली होती. ती जागा मालकाच्या इच्छेविरुद्ध 2013मध्ये याच कौन्सिलने ताब्यात घेतली, आणि जून 2015मध्ये उद्यान पुन्हा उघडले. म्हणजे मत देणाऱ्यासमोर त्याच गावातले, त्याच कौन्सिलचे ताजे उदाहरण होते. जे ड्रीमलँडला जमले ते मॅन्स्टनला का जमणार नाही, असे त्याने विचारले तर त्यात गैर काय? फरक होता तो आकड्यांत आणि कागदपत्रांत. विमानतळ घ्यायचा तर बाजारभावाने मोबदला, कज्जेखर्च आणि मंत्र्यांची मंजुरी हे सगळे लागणार, आणि हमीदार कोसळला तर बोजा थेट करदात्यांच्या डोक्यावर येणार. हा फरक उमेदवारांना ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता. डिसेंबरचा नकार त्यांच्यासमोरच झाला होता. मतदाराकडून मात्र हमीपत्राची कलमे वाचण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

समोरच्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मला मान्य आहे. 7 मे 2015 रोजी तिथे संसदेचीही निवडणूक होती, साउथ थॅनेटमधून खुद्द फराज उभे होते आणि देशाचे कॅमेरे तिथे रोखलेले होते. ते 2,812 मतांनी हरले, पण त्यांच्या लाटेवर कितीतरी नगरसेवक तरले यात शंका नाही. ब्रसेल्सवरचा, म्हणजे युरोपीय संघावरचा, आणि स्थलांतरावरचा राग त्या मतांत मिसळलेला होता. तो नव्हताच असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून घेणे. पण त्या रागाखाली एक स्थानिक हिशेबही होता, आणि तो कोणी मांडत नाही. त्याआधीच्या काही वर्षांत थॅनेटमध्ये काय काय घडले होते? रॅम्सगेट बंदरातून जिवंत मेंढ्यांची निर्यात होत असे. 2012मध्ये तिथे चाळीसहून अधिक मेंढ्या मेल्या तेव्हा कौन्सिलने लोकांच्या मनासारखी बंदी घातली; न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि भरपाई कौन्सिलच्या गळ्यात पडली. 2013मध्ये रॅम्सगेटची फेरी चालवणारी कंपनी बुडाली, तेव्हा कळले की तिची बंदराची थकबाकी कौन्सिलने गुपचूप साठू दिली होती, आणि ती 30 लाख पौंडांच्या वर गेली होती. त्याच वर्षी कौन्सिलच्या एका माजी प्रमुखाला पदाच्या गैरवापराबद्दल तुरुंगात जावे लागले. आळीपाळीने सत्ता भोगणाऱ्या दोन्ही जुन्या पक्षांवरचा विश्वास अशा गावात उरावा तरी का? ज्याने आजवर कारभार केलेला नाही अशा तिसऱ्याला संधी देणे हा त्या परिस्थितीत समजण्याजोगा निर्णय होता.

पुढचे मतदान पाहिले तर हे अधिकच स्पष्ट होते. जानेवारी 2018मध्ये स्थानिक विकास आराखडा कौन्सिलच्या सभेत 35 विरुद्ध 20 मतांनी फेटाळला गेला, युकिप फुटली आणि तिची सत्ता गेली. मे 2019च्या निवडणुकीत युकिपचा एकही नगरसेवक निवडून आला नाही. तेहतीसवरून शून्य! तोवर हा पक्ष देशभर विरत चालला होता हे खरे. पण अवघ्या तीन आठवड्यांनी झालेल्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत थॅनेटमध्ये फराज यांचाच नवा ब्रेक्झिट पक्ष पहिला आला, हेही खरे. ब्रसेल्सबद्दलचे मत त्या माणसांनी बदललेले नव्हते. बंदर, विमानतळ आणि कचरा सांभाळायला कोण नको, एवढे त्यांनी वेगळे ठरवले होते. 2023मध्ये त्यांनीच मजूर पक्षाला 56पैकी 30 जागा देऊन स्पष्ट बहुमत दिले, आणि 2025मध्ये काउंटीवर रिफॉर्मची लाट आली. हा मतदार मला रागाने आंधळा झालेला दिसत नाही. पाण्यासाठी एकामागून एक दार ठोठावणाऱ्या माणसासारखा तो दिसतो. प्रत्येक दारात त्याला होकार मिळतो, पाणी मिळत नाही.

पाणी का मिळत नाही? इथे वादाच्या खऱ्या गाभ्याशी यावे लागते, आणि नेमका हाच भाग दोन्ही बाजू घाईने ओलांडतात. थॅनेटसारखे डिस्ट्रिक्ट कौन्सिल कचरा उचलते, बांधकामाला परवानगी देते, बेघरांची सोय करते, किनारे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे सांभाळते. शाळा, रस्ते, वृद्धांची आणि निराधार मुलांची देखभाल काउंटीकडे. रहिवाशाच्या कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, बिलातला जेमतेम दहावा हिस्सा डिस्ट्रिक्टच्या वाट्याला येतो. तो कर किती वाढवायचा हेही त्याच्या हातात नाही : 2011च्या कायद्यानंतर सरकारने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाढ करायची तर सार्वमत घ्यावे लागते, आणि डिस्ट्रिक्टसाठी ही मर्यादा अलीकडे 3 टक्के किंवा 5 पौंड, जे अधिक असेल ते, अशी आहे. दुसरीकडे 2010 ते 2020 या दशकात इंग्लंडच्या स्थानिक संस्थांना मिळणारी केंद्राची अनुदाने महागाई वजा जाता सुमारे 40 टक्क्यांनी घटली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि जबाबदारी मात्र बाहेरून येऊन पडते. समुद्रकाठच्या गावांत जुनी हॉटेले आणि पाहुण्यांसाठी बांधलेली मोठी घरे स्वस्तात मिळतात. त्यांच्या खोल्या पाडून भाड्याने देणे हा तिथला धंदा झाला. लंडनच्या अनेक बरोंनी, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थांनी, आपल्याकडचे बेघर आणि सांभाळातली मुले मार्गेटच्या क्लिफ्टनव्हिल भागात पाठवली, कारण तिथे खोली स्वस्त. त्या कुटुंबांना गाव नवे, डॉक्टर नवा, शाळा नवी. आणि डॉक्टर-शाळा आधीच अपुऱ्या. थॅनेट कौन्सिलने 2011पासून त्या भागातल्या भाड्याच्या घरांना परवाना सक्तीचा केला. ओल धरलेल्या, आगीपासून संरक्षण नसलेल्या खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकाला त्यामुळे जाब विचारता येऊ लागला. माझ्या मते ड्रीमलँडपेक्षाही हे काम मोठे, कारण कौन्सिलच्या अधिकारात असलेली आणि माणसाच्या रोजच्या जगण्याला भिडणारी गोष्ट ती हीच. पण त्यावर निवडणूक कोणी लढली? एप्रिल 2015मध्ये, म्हणजे त्या गाजलेल्या निवडणुकीच्या तोंडावर, केंद्राने नियम केला की कौन्सिलच्या क्षेत्राच्या किंवा भाड्याच्या घरांच्या पाचव्या हिश्शापलीकडे असा परवाना लावायचा तर मंत्र्यांची संमती हवी. गावाच्या हातातला एक खरा अधिकार आखडला गेला, आणि प्रचार चालला होता विमानतळाचा.

विमानतळाचे तरी शेवटी कोणी ठरवले? राष्ट्रीय महत्त्वाचा प्रकल्प म्हणून प्रकरण लंडनला गेले. तपासनीसांनी नकाराची शिफारस केली, तरीही परिवहन मंत्रालयाने जुलै 2020मध्ये मंजुरी दिली. फेब्रुवारी 2021मध्ये ती न्यायालयात रद्द झाली. ऑगस्ट 2022मध्ये मंत्रालयाने पुन्हा दिली. या सगळ्यात थॅनेटचा नगरसेवक कुठे होता? त्याच मॅन्स्टनला, लष्कराच्या जुन्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात, गृह मंत्रालयाने 2022मध्ये छोट्या बोटींतून येणाऱ्या निर्वासितांसाठी छावणी उघडली. सुमारे 1,600 माणसांची सोय असलेल्या जागेत त्या शरद ऋतूत 4,000च्या आसपास माणसे कोंबली गेली. तंबूत दाटीवाटीने ठेवलेल्या त्या माणसांचे हाल झाले आणि शेजारच्या गावांत भीती पसरली. निर्णय लंडनचा होता. राग मात्र पुढच्या स्थानिक निवडणुकीत ज्याचे नाव मतपत्रिकेवर असते त्याच्यावर निघतो.

आता दुसरा आक्षेप, जो आज सरकारी धोरण झाला आहे. डिसेंबर 2024च्या श्वेतपत्रिकेनुसार इंग्लंडमधली काउंटी आणि डिस्ट्रिक्ट ही दुपदरी रचना संपवून साधारण 5 लाख लोकसंख्येची एकपदरी कौन्सिले करायची आहेत. केंटमधल्या 14 संस्था 2028पर्यंत मोजक्या मोठ्या संस्थांत विलीन होतील आणि 1 लाख 40 हजार लोकांचे थॅनेट कौन्सिल इतिहासजमा होईल. यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. कोणते काम कोणाकडे हे नागरिकाला कळत नाही, हा दुपदरी रचनेचा दोष मी वर स्वतःच दाखवला. छोट्या संस्थेला चांगले वकील आणि हिशेबनीस परवडत नाहीत. फेरीची थकबाकी आणि मेंढ्यांचा खटला हे त्याचेच दाखले म्हणता येतील. वोकिंग हे छोटेसे डिस्ट्रिक्ट गगनचुंबी इमारतींच्या नादात बुडाले आणि 2023मध्ये त्याला दिवाळखोरीची नोटीस काढावी लागली, हेही नाकारता येत नाही.

पण आकार वाढवल्याने शहाणपण येते, याला पुरावा काय? 7 लाखांवर वस्तीच्या नॉर्दॅम्प्टनशायर काउंटीने 2018मध्ये तशीच नोटीस काढली. युरोपातले सर्वांत मोठे स्थानिक कौन्सिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बर्मिंगहॅमवर 2023मध्ये तीच पाळी आली. नॉर्दॅम्प्टनशायरचे उदाहरण तर थॅनेटसाठी अगदी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तिथे काउंटी आणि सात लहान कौन्सिले मोडून 2021मध्ये दोन मोठी एकपदरी कौन्सिले केली. म्हणजे जो उपाय आज केंटला सांगितला जातो तो तिथे करून झाला. चार वर्षांनी, मे 2025मध्ये, ती दोन्ही कौन्सिले रिफॉर्मने जिंकली. नकाशा बदलला, राग तसाच राहिला.

मार्गेटने हा अनुभव आधीही घेतला आहे. 1974पर्यंत मार्गेट आणि रॅम्सगेट या स्वतंत्र बरो होत्या, ब्रॉडस्टेअर्सची स्वतःची संस्था होती. कार्यक्षमतेच्या नावाखाली तिघींना एकत्र करून थॅनेट तयार झाले. रॅम्सगेटला पुढे नगर-परिषद मिळाली; मार्गेटकडे महापौरपदाची परंपरा जपणारे विश्वस्त मंडळ तेवढे उरले. पन्नास वर्षांपूर्वी मार्गेटच्या माणसाला आपल्या बरोच्या सभागृहात चालत जाऊन प्रश्न विचारता येत होता. उद्याच्या मोठ्या कौन्सिलचे मुख्यालय कुठे असेल? क्लिफ्टनव्हिलच्या ओल धरलेल्या खोल्या तिथून कोणाला दिसतील?

छोटी, गरीब संस्था म्हणजे दुबळी संस्था हे समीकरणही इतिहासाला मान्य नाही. लंडनच्या गोदी भागातल्या पॉप्लरने 1921मध्ये ते खोटे ठरवले. गरीब वस्तीत बेकारांना मदत द्यायची ती गरीब वस्तीतल्याच करातून, आणि श्रीमंत बरोंना त्याची झळ नाही, हा त्या वेळचा नियम. जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन काउंटीचा हिस्सा भरायला नकार दिला आणि 30 नगरसेवक तुरुंगात गेले. सुमारे सहा आठवड्यांत सरकार नमले आणि बेकारांच्या मदतीचा भार सगळ्या लंडनवर वाटणारा कायदा झाला. त्या नगरसेवकांनी मतदाराला काय सांगितले होते? हे ओझे आपल्या एकट्याचे नाही, ते कोणी आपल्यावर टाकले आहे आणि त्याविरुद्ध आम्ही काय करणार आहोत. 2015च्या युकिपने सांगितले की सगळे आम्हीच करू. एकाने आपल्या अधिकाराची सीमा उघड केली आणि तिच्याशी झुंज दिली, दुसऱ्याने ती लपवली. थॅनेटच्या लोकांना पॉप्लरसारखे पुढारी लाभले नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या वादात आपल्याही माणसांना बोलायचा अधिकार आहे, हे इथे सांगायला हवे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, ब्रिटिश पासपोर्ट नसला तरी, कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून मतदार यादीत नाव नोंदवता येते आणि कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येते. किनाऱ्यावरच्या रुग्णालयांत काम करणारे आपले डॉक्टर आणि परिचारिका त्याच भाड्याच्या घरांत राहतात, त्याच बसची वाट पाहतात. ‘ती त्यांची निवडणूक’ म्हणून अंग काढून घेणाऱ्यांचे मला पटत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीला साधारण तिघांतला एकच मतदार येतो. तिथे थोड्या मतांनी वॉर्ड फिरतात.

केंटमधल्या नव्या कौन्सिलांसाठी लवकरच उमेदवार दारोदार येतील. काही जण पुन्हा विमानतळ देतील, काही जण बोटी थांबवतील, काही जण काटकसरीतून कोट्यवधी वाचवून दाखवतील. त्यांच्यापुढे प्रश्न ठेवायचे ते हे : क्लिफ्टनव्हिलच्या भाड्याच्या घरांची सक्तीची तपासणी करणार का? लंडनच्या बरोंनी पाठवलेल्या कुटुंबांचा खर्च त्यांच्याकडून वसूल करण्यासाठी काय करणार? मार्गेटला स्वतःची, कर लावू शकणारी नगर-परिषद देणार का? आणि जे तुमच्या हातात नाही, ते मिळवण्यासाठी लंडनमध्ये कोणाच्या दारात जाऊन बसणार?